काच आणि डबा

“मॅडम, एकाच टाकीचे दोन आकडे आलेत. कुठला लिहू?”

शिंत्रे खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारत होते. जिल्ह्याच्या गावी पाणी तपासायची प्रयोगशाळा होती, तिथे वीस वर्षं ते हेच काम करत आले होते. मी समोरच्या बाकावर बसले होते. मांडीवर पर्स आणि पर्समध्ये माझ्या बदलीचा कागद. तो मी सकाळपासून चार वेळा उघडून वाचला होता.

“किती आलेत?”

“डब्यातल्या पाण्यात नायट्रेट सहा. काचेच्या बाटलीतल्या पाण्यात एकाहत्तर.”

“डब्यातलं काल संध्याकाळचं आहे,” मी म्हणाले. “बाटली मी आज सकाळी निघताना भरली.”

“एका रात्रीत एवढा फरक पडतो?”

“तुमच्या बाटल्याच नीट धुतलेल्या नसतील.”

शिंत्रे चिडले नाहीत. चिडायला अंगात जोर लागतो, आणि सरकारी खिडकीत वीस वर्षं काढल्यावर तो उरत नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढून पुन्हा विचारलं, “मग कुठला लिहू?”

“नेहमी कुठला लिहिता?”

“डब्यातला.”

“मग तोच लिहा.”

त्यांनी सहा लिहिला, शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. मी जिना उतरणार तेवढ्यात ते खिडकीतून उठून बाहेर आले आणि एक छोटी डबी पुढे केली. “रंगपट्ट्या आहेत. मुदत संपत आलीय, इथे पडूनच राहतील. पाण्यात बुडवायची आणि मिनिटभर थांबायचं. नायट्रेट असेल तर गुलाबी होते, जास्त असेल तर गडद. घरच्या घरी कळतं.”

मी डबी पर्समध्ये टाकली, बदलीच्या कागदाशेजारी.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर रसायनतज्ज्ञ होते. केंद्र नगरपालिकेचं, चालवायला पुण्याची एक कंपनी आणि त्या कंपनीची पगारी नोकर मी. नवरा आणि मुलगी लातूरला. सात वर्षं मी दर पंधरवड्याला एस.टी.ने लातूरला जात होते. मुलगी रेवा तिसरीत गेली होती, आणि हल्ली फोन उचलला की म्हणायची, “कोण, आई का? थांब, आजीला देते.” तिचा काही दोष नव्हता. तिला वाटायचं मी आजीसाठीच फोन करते.

केंद्रातून बाहेर पडणारं पाणी ओढ्याने नदीला मिळायचं. जिथे मिळायचं त्याच्या खालच्या अंगाला नदीकाठी डोहवाडीची विहीर. पाणी दिसायला काचेसारखं, पण त्यात नायट्रेट उतरलेलं. मोठ्या माणसाला त्याचं फारसं काही होत नाही. तान्ह्या बाळाला वरच्या दुधातून ते पाणी गेलं, तर त्याचं रक्त प्राणवायू धरेनासं होतं आणि बाळ निळं पडतं. डोहवाडीत एक बाळ असं निळं पडलं होतं. ते जिल्ह्याच्या दवाखान्यात वाचलं, पण तेव्हापासून विहिरीला कुलूप लागलं आणि बाया दीड किलोमीटरवरच्या हापशावरून पाणी आणू लागल्या. विहिरीतलं पाणी उकळून वापरायचीही सोय नव्हती. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून दाटच होतं.

हे नायट्रेट काढायचं काम जिवाणू करतात. त्यांना हवा मिळाली नाही की ते नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि मागे उरलेला नत्रवायू बुडबुड्यांनी उडून जातो. फक्त त्यांना त्यासाठी खायला लागतं, आणि आमच्या गावाचं सांडपाणी पार पचपचीत होतं, त्यात खाण्यासारखं काही नव्हतं. पुस्तकात लिहिलंय मिथेनॉल द्या. नगरपालिकेने मिथेनॉलचा भाव ऐकला आणि विषय बंद केला.

मग मला चक्क्याचं पाणी सुचलं. गावात अण्णा गुरवांचा चक्क्याचा कारखाना होता. दही पंच्यात टांगलं की खाली जे हिरवट आंबट पाणी गळतं, ते रोज चारशे-पाचशे लिटर गटारात जायचं. त्यात साखर असते, जिवाणूंना ती चालते. अण्णा म्हणाले, “न्या की. गटार तुंबल्याची बोंब तरी बंद होईल.” ते पाणी रोज सायकल-गाड्यावरून कॅनमध्ये आणायचं काम ईश्वरा कुंभार यांनी अंगावर घेतलं.

कुंभारमामा केंद्रावरचे सगळ्यात जुने माणूस. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली, गळ्यात माळ, कामात नको इतके नेटके. त्यांची लेक शेवंता डोहवाडीतच दिलेली. ती बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नात दोन महिन्यांची झाली होती. मामा चक्क्याचं पाणी टाकीत सोडताना हात जोडायचे. मी एकदा विचारलं, “हे कुणाला, मामा?” तर म्हणाले, “आत जे काम करत्यात त्यास्नी. जेवायला वाढतूय, मग हात जोडाय नगं?”

दर पंधरा दिवसांनी मामा दोन डबे भरायचे. एक आमच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा, एक डोहवाडीच्या विहिरीचा. आदल्या संध्याकाळी भरायचे आणि सकाळच्या सहाच्या गाडीने कंडक्टरबरोबर जिल्ह्याला पाठवायचे. पाडव्यानंतर आकडे उतरायला लागले. साठ, तीस, अकरा, सात. विहिरीचेही तसेच. मग सगळं पाच-सहाच्या घरात. कंपनीचे राजोपाध्ये साहेब पुण्याहून फोन करून म्हणाले, “वा! आता तुम्हाला लातूरला सोडायला हरकत नाही. तिकडे आपलं नवं केंद्र सुरू होतंय.” सात वर्षांनी एकदाचं घोडं गंगेत न्हालं. डोहवाडीने घटस्थापनेच्या दिवशी विहीर उघडायचं ठरवलं.

शिंत्र्यांनी मला तो आकडा विचारला, तो घटस्थापनेच्या आधीचा मंगळवार होता. शेवटचा अहवाल म्हणून त्या दिवशी मी स्वतःच गेले होते, जोडीला एक ताजी बाटली घेऊन.

बुधवारी सकाळी मी पट्टी काढली. नुसतं मनाचं समाधान, असं स्वतःला सांगितलं. बाहेर पडणारं पाणी भांड्यात घेतलं आणि निम्मं काचेच्या बाटलीत, निम्मं मामांच्या डब्यात ओतलं. दोन्हींत पट्टी बुडवली. दोन्ही गडद गुलाबी. म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नव्हतंच. बाटलीवर आणि डब्यावर चिकटपट्टी लावून मी “काच”, “डबा” लिहिलं, तारीख घातली आणि दोन्ही फडताळात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पट्ट्या बुडवल्या. काच गुलाबी. डबा पांढराशुभ्र.

डब्याचा वास घेतला. आंबट वास आला. मामा हौदाशी उभे होते, त्यांना हाक मारली.

“मामा, हे डबे तुम्ही कशाने धुता?”

“चक्क्याच्या पाण्यानं,” मामा अभिमानाने म्हणाले. “रॉकेलचे डबे हुते वो ते. किती बी घासा, वास जाईना. आमची म्हातारी ताकानं वास काढायची. मग मी काय केलं, चक्क्याचं पाणी घालतो, खळखळा हलवतो, ओततो. वास गायब.”

“आणि नंतर साध्या पाण्याने विसळता?”

“एकदा. जास्त विसळलं की वास परत येतोय.”

मी “बरं” म्हणाले. मला सगळं कळलं होतं. डब्याच्या अंगाला चक्क्याचं पाणी लागलेलं, टाकीतले जिवाणू चिकटलेले, झाकण घट्ट आणि वर एस.टी.ची ऊब. रात्रभर आणि निम्मा दिवस त्या डब्यात जिवाणू जेवत होते आणि नायट्रेट खलास करत होते. सहा महिने शुद्धीकरण डब्यात झालं होतं. आमच्या टाकीत काहीच झालं नव्हतं.

नमुना बर्फात ठेवून पाठवावा, असं प्रत्येक अर्जावर छापलेलं असतं. बर्फात ठेवला असता तर जिवाणू गारठून गप्प बसले असते. थर्माकोलची पेटी चैत्रातच फुटली होती. नवी मागवायची राहिली. ती मागवायचं काम माझं होतं.

दुपारी मी डोहवाडीला गेले. निमित्त काढलं होतं शेवटच्या पाहणीचं. विहिरीच्या कठड्याला चुना चालला होता. सरपंच गोदाक्का पदर खोचून स्वतः कुंचला मारत होत्या.

“या बाई, या! बघा, नवरीगत सजवली का न्हाई?”

“छान झालीय.”

“दोन वरसं झाली. डोईचा हंडा मानंत उतरला वो आमच्या. आता हितनं घर धा पावलांवर. तुमच्यामुळं.”

“माझं काय त्यात,” मी म्हणाले आणि बादली सोडून पाणी वर काढलं. गोदाक्का दुसऱ्या बाजूला वळल्या तेव्हा पट्टी बुडवून मुठीत धरली. मिनिटभर थांबून मूठ उघडली. गुलाबी.

“काय वो बाई, काय सापडलं?”

“काही नाही. कचरा होता.”

मी पट्टी पर्समध्ये टाकली. गोदाक्कांनी गूळ-शेंगदाणे दिले. मी खाल्ले. येताना सडकेवर हापशाकडून येणाऱ्या बाया भेटल्या, डोक्यावर दोन-दोन हंडे. त्यांनी मान हलवता येत नाही म्हणून डोळ्यांनीच रामराम केला.

आता मी काय करायला हवं होतं हे शेंबड्या पोरालाही कळेल. एक फोन राजोपाध्यांना, एक गोदाक्कांना. मी फोन हातात घेतला आणि लातूरला लावला.

“रेवा, मी पुढच्या आठवड्यात येतेय. कायमची.”

“म्हणजे रविवारी परत नाही जाणार?”

“नाही.”

ती म्हणाली, “मग माझ्या वेण्या तू घालशील? आजी फार ओढते.”

फोन ठेवला आणि मी रडले. दुःखाने नव्हे, थकव्याने. माणूस किती थकू शकतं हे मला तेव्हा कळलं. वाईट वागायला माणूस दुष्ट असावं लागत नाही. मी मनाशी हिशेब जुळवत बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाऊस संपत आलाय, नदीला पाणी भरपूर आहे, नायट्रेट आपोआप पातळ होईल. माझ्या जागी नवा माणूस येईल, तो नव्या बाटल्या वापरेल, त्याला कळेल. मला नाही कळलं असं होईल. कुणाचं बाळ निळं पडेलच असं थोडंच आहे?

पण मामांची नात होती. ती माझ्या मांडीवर झोपली होती बारशाच्या दिवशी. शुक्रवारी मामा चक्क्याच्या पाण्याचे कॅन उतरवत होते तेव्हा मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, “मामा, शेवंताला सासरी कधी धाडताय?”

“घट बसलं की येत्यात न्यायला. हीर बी उघडतीया. जावई म्हनले, आता काय घोर न्हाई.”

“अजून महिना-दोन महिने ठेवून घ्या की. पोर अशक्त आहे.”

“अशक्त?” मामा हसले. “सव्वापाच किलो हाय.”

“तरी पण. ठेवून घ्या. माझं ऐका.”

मामांनी कॅन खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. “ठेवतो,” म्हणाले, आणि पुढचा कॅन उचलला.

शनिवारी मी खोलीतलं सामान बांधायला घेतलं. दुपारी दोनच्या सुमाराला मामा दारात आले. अंगात स्वच्छ सदरा, हातात तो डबा. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“बाई, माझ्याकडनं लई मोठी चूक झालीया.”

“काय झालं?”

“ह्या डब्यात घोळ हाय. मी चक्क्याच्या पाण्यानं धुतो, ते आतल्या आत काम करतंय. टाकीत न्हाई, हितं.” त्यांनी डब्यावर टिचकी मारली. “तुमी कागदावर जे आकडं वाचता ते खोटं हायती. समदं माझ्यामुळं.”

मी ट्रंकेवर बसले होते. तोंडातून निघालं, “काय सांगताय, मामा!”

तेरा वर्षांत मी बऱ्याच गोष्टी विसरले. हे दोन शब्द, “काय सांगताय” म्हणतानाचा माझा आवाज, ते आश्चर्य, ते मला अजून ऐकू येतं. इतकं बेमालूम नाटक मी शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा केलं नव्हतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“कळलं आपलं,” मामा म्हणाले. “आता उद्या हीर उघडायची न्हाई. मी सांगतो जाऊन. तुमी चला फकस्त संगं, माझं कोन ऐकनार?”

रविवारी सकाळी आम्ही मामांच्या जावयाच्या टेम्पोतून डोहवाडीला गेलो. विहिरीला आंब्याचं तोरण, कठड्यावर हळदी-कुंकू, नारळ, आणि कडेने रांगेत घासून लख्ख केलेले हंडे. गोदाक्का नव्या लुगड्यात. मामा पुढे झाले, टोपी काढली आणि म्हणाले, “हीर उघडू नगा. पानी अजून खराब हाय. तपासनीचं डबं मी धुवायचो, त्यात चूक झाली. बाईंचा काय दोस न्हाई.”

मागून एक म्हातारा ओरडला, “सहा म्हैने झोपला हुता काय रं?” मामा मान खाली घालून उभे राहिले. त्यांचा जावई दोन पावलं मागे सरला. मी पुढे होऊन नायट्रेट, जिवाणू, डबा, काय काय समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, “खात्री होईपर्यंत विहीर बंदच ठेवा. मी इथेच आहे.”

हे शेवटचं वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं.

गोदाक्कांनी नारळ उचलून पिशवीत ठेवला. कुलपाला पुन्हा किल्ली फिरवली. “खरं बोलला ते बेस झालं मामा,” त्या म्हणाल्या, “पन आज तुमचं तोंड बघू वाटंना.” बायांनी एकेक हंडा उचलला आणि हापशाची वाट धरली.

येताना टेम्पोत मामा मधेच म्हणाले, “बाई, डब्यात कसं काय जमलं वो त्यास्नी?”

“झाकण घट्ट, हवा नाही, खायला भरपूर, आणि रात्रभर निवांत वेळ.”

“आन् टाकीत आपन वाढतो तिथं?”

टाकीत आम्ही चक्क्याचं पाणी सोडत होतो ते हवेच्या नळ्यांपाशीच. तिथे पंप चोवीस तास बुडबुडे सोडतो. फुकटची हवा समोर असताना जिवाणू नायट्रेट कशाला फोडतील? हवा घ्यायचे, चक्क्याच्या पाण्यावर ताव मारायचे आणि नायट्रेट तसंच पुढे जायचं. सहा महिने आम्ही त्यांना नुसतं जेवायला घालत होतो, काम सांगितलंच नव्हतं.

“मामा, ती मागची पडीक टाकी आहे ना?”

“झाकन टाकलं की झाला मोठा डबा,” मामा म्हणाले.

पुण्याहून राजोपाध्ये साहेबांनी आधी मला झापलं, मग लातूरची बदली रद्द केली. तिथे दुसरं कुणी गेलं. रेवाला फोनवर सांगितलं तेव्हा ती “बरं” म्हणाली, आणि “आजीला देऊ?” असं विचारलं. त्या वर्षी तिने केस कापून घेतले.

मोठा डबा जमायला चौदा महिने लागले. पडीक टाकीची गळती काढली, झाकण बसवलं, बुडबुडे न काढता पाणी हळूहळू ढवळणारं पातं लोहाराकडून करून घेतलं. पितृपंधरवड्यात श्रीखंड कोण खातं? अण्णांचा कारखाना थंड पडला आणि आमचे जिवाणू उपाशी. मग मामांनी गुऱ्हाळावरून काकवीची धुवण आणली. लग्नसराईत चक्क्याचं पाणी उतू जाईल इतकं. मामा रोजचं माप पाटीवर लिहायचे. रोज सकाळी मी पट्टी बुडवायचे, काचेच्या बाटलीत, बर्फाच्या पेटीशेजारी बसून. दुधाने तोंड पोळलेलं होतं, ताकही फुंकून पीत होतो. एका सकाळी पट्टी पांढरी राहिली. दुसऱ्या दिवशीही. शिंत्र्यांचा आकडा आला आठ. मग सात. चार महिन्यांनी विहिरीचं पाणीही उतरलं. गोदाक्कांनी तोच नारळ जपून ठेवला होता म्हणे. आतून वाळून गोटा झाला होता, तोच फोडला. पहिला तांब्या त्यांनी मामांच्या हातात दिला.

त्यानंतर वर्षभराने मामा निवृत्त झाले. हार, नारळ, शाल झाली, साहेब लोक गेले. मामा आणि मी हौदाच्या कठड्यावर चहा पीत बसलो. त्यांनी पाटीवरची मापं उतरवून घेतलेली वही माझ्याकडे दिली. “नव्या मानसाला उपेगी पडंल.”

मी वही चाळली. पहिल्याच पानावर दोन चिकटपट्ट्यांचे तुकडे लावलेले होते. एकावर “काच”, दुसऱ्यावर “डबा”. माझं अक्षर. तारीख त्या बुधवारची. खाली दोन वाळलेल्या पट्ट्या, एक गुलाबी, एक पांढरी.

मी कप कठड्यावर ठेवला.

“मामा, हे तुम्हाला कधी सापडलं?”

“फडताळ झाडताना.” मामा बशीत चहा ओतत होते. “पन त्याच्या आदीच शंका आली हुती. तुमी शेवंतेला ठेवून घ्या म्हनलात ना, तवाच.”

“मग मला का नाही विचारलंत? मला का नाही सांगायला लावलंत?”

“तुमी दमला हुता बाई. दिसत हुतं.” त्यांनी बशी तोंडाला लावली, खाली ठेवली, उपरण्याने मिशा पुसल्या. “आन् डबा धुवायची चूक माझीच हुती की. मी काय खोटं बोललो?”

“नाही.”

“एक दिस वाट बघितली मी तुमची. शुक्रवार ते शनिवार. मग म्हनलं, आता घट बसतील.”

मामा उठले. शाल खांद्यावर टाकली, नारळ पिशवीत घातला. जाता जाता थांबले, आणि रागाने नाही, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “माझ्या नातीचा जीव वाचवलात, ते मी इसरनार न्हाई. पन डोहवाडीत त्या टायमाला आनखी तिघी बाळंतिनी हुत्या, बाई.”

दुसऱ्या दिवशी मी डोहवाडीला जाऊन त्या तिघींची नावं विचारून आले. फुलाबाई, रेश्मा आणि धाकट्या आळीतली कोंडाबाई. तिघींची पोरं आता आठवीत आहेत, एक कबड्डी खेळतो. मी गेले की त्या मला घरात बोलावतात, विहिरीच्या पाण्याचा चहा करतात आणि पोरांना माझ्या पाया पडायला लावतात. मी पडू देते.